विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : मानवी भांडवलाची दुर्लक्षित बाजू

उच्च शिक्षणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने प्रवेशसंख्या, अनुदान आणि रोजगारक्षमता या तीन मुद्द्यांभोवती फिरते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. याचाच अर्थ असा की, ज्या कुटुंबांतून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा कुटुंबांतील मुले-मुली येत्या काळात मोठ्या संख्येने विद्यापीठांत दाखल होतील. अपरिचित शहर, अपरिचित भाषा, शैक्षणिक कर्ज आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा भार घेऊन ती येतील. त्यांना वर्गात जागा देणे हे व्यवस्थेचे काम आहेच. परंतु तेथे टिकून राहण्यासाठी आधार देणे हेही तिचेच काम आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी १३,०४४ म्हणजे ७.६ टक्के विद्यार्थी होते. या संख्येत शालेय विद्यार्थ्यांचाही समावेश आहे. आत्महत्येमागे कोणतेही एकच कारण नसते आणि योग्य वेळी मदत मिळाल्यास ती टाळता येते, हे येथे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. शिवाय या आकड्यामागे असे असंख्य विद्यार्थी असतात, ज्यांचा त्रास कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही. ते वर्गात येणे थांबवतात, विषय मागे ठेवतात आणि एक दिवस निमूटपणे गावी परततात.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याचा विचार मांडला. मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्य हेही एक भांडवल असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मांडणीनुसार, काम करण्यासाठी आणि शिकण्यासाठी व्यक्तीला किती निरोगी वेळ उपलब्ध होईल हे आरोग्याच्या साठ्यावर अवलंबून असते. या दोन विचारांची सांगड घातल्यास विद्यार्थ्याचे मानसिक आरोग्य हा शिक्षणावरील गुंतवणुकीचा पायाच ठरतो. बहुतांश मानसिक विकारांची सुरुवात पंचविशीपूर्वी, म्हणजे नेमकी शिक्षणाच्या वयात होते. या वयात झालेले नुकसान पुढील सर्व कमावत्या वर्षांवर परिणाम करते. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या विकारांच्या उपचारांवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे सुधारलेले आरोग्य आणि उत्पादकता यांच्या रूपाने चार डॉलरचा लाभ मिळतो, असा निष्कर्ष याच संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०१६ मधील अभ्यासात निघाला.

लाभ इतका स्पष्ट असताना बाजारयंत्रणा ही सेवा पुरेशा प्रमाणात का पुरवत नाही? याची कारणे तीन आहेत. पहिले, माहितीचा अभाव. आपल्याला होणारा त्रास हा उपचारयोग्य आहे, हेच रुग्णाला अनेकदा ठाऊक नसते. दुसरे, सामाजिक कलंक. ही एक अदृश्य किंमत असून ती सेवा विनामूल्य असली तरी मोजावी लागते. तिसरे, मनुष्यबळाची टंचाई. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्ती त्या वेळी मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले, तर विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेही याची दखल घेतली असून, २०२१ मध्ये देशात एक लाख लोकसंख्येमागे केवळ ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते, असे नमूद केले आहे. अपेक्षित प्रमाण ३ आहे.

धोरण व कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील, तर शिक्षण हा १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीतील विषय आहे. विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य या दोहोंच्या सीमेवर येते आणि सीमेवरील विषयांचे उत्तरदायित्व अनेकदा कोणाकडेच राहत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १८ ने शासकीय वा शासन अनुदानित सेवांमधून मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा, तर कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच वैद्यकीय विमा उपलब्ध करून देण्याचे बंधन कलम २१ ने विमा कंपन्यांवर घातले. अंमलबजावणीपासून दहा वर्षांत, म्हणजे २०२८ पर्यंत, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तज्ज्ञ मनुष्यबळ उभारण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी कलम ३१ ने शासनावर टाकली आहे.

शिक्षण मंत्रालयाचा ‘मनोदर्पण’ उपक्रम जुलै २०२० मध्ये, तर ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, हे त्यांतील महत्त्वाचे निर्देश होत. शिकवणी वर्गांनाही ते लागू आहेत, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

कक्ष आणि आधार यांतील अंतर

नियमांची पूर्तता आणि हेतूची पूर्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयाच्या तपासणी समितीत सदस्य होता. समुपदेशन कक्ष, त्यावरील फलक, नियुक्तीचे पत्र अशी सर्व कागदपत्रे निर्दोष होती. नोंदवहीत मात्र वर्षभरात मोजकीच नावे होती. ‘विद्यार्थ्यांकडून मागणी नाही’ असा शेरा अहवालात लिहिला गेला आणि त्याखाली आम्ही सर्वांनी स्वाक्षऱ्या केल्या. कक्ष प्राचार्यांच्या दालनाला लागून होता, त्याची वेळ आणि तासिकांची वेळ एकच होती, समुपदेशक म्हणून नेमलेले प्राध्यापकच अंतर्गत गुण देत असत आणि ती नोंदवही टेबलावर उघडी असे. हे सर्व आम्ही पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला परतीच्या प्रवासात उमगला. मागणी नव्हती असे नाही. ती व्यक्त करण्याची किंमत विद्यार्थ्यांना परवडणारी नव्हती. आयुष्यभर मागणीचा सिद्धांत शिकवणाऱ्याने ही चूक करावी, याची खंत आजही वाटते.

या अनुभवातून निघणारा बोध सरळ आहे. समुपदेशक मूल्यमापनापासून स्वतंत्र असावा, भेट घेणे सोपे असावे आणि गोपनीयतेची हमी केवळ कागदावर नसावी. तज्ज्ञांच्या टंचाईवरही मार्ग आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या अभ्यासांतून हे दाखवून दिले की, योग्य प्रशिक्षण आणि देखरेख असल्यास बिगरतज्ज्ञ समुपदेशकही नैराश्यग्रस्तांना परिणामकारक मदत करू शकतात. गंभीर रुग्ण तज्ज्ञांकडे पाठवण्याची व्यवस्था जोडल्यास महाविद्यालयांतही हे तत्त्व उपयुक्त ठरेल. परीक्षापद्धतीची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी जुलैमध्येच फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली आणि त्यांचे वर्ष वाचण्याचा मार्ग खुला झाला. अपयशाची किंमत कमी करणे हेही मानसिक आरोग्याचे धोरणच होय.

पटाबाहेरचा विद्यार्थी

या मासिकाचे अनेक वाचक स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. पदवी झालेली, नोकरी नाही आणि विद्यापीठाच्या पटावरही नाव नाही, अशा अवस्थेत दिल्लीतील मुखर्जीनगर किंवा पुण्यातील सदाशिव पेठ येथे राहणारा विद्यार्थी कोणत्याही समुपदेशन कक्षाच्या कक्षेत येत नाही. शिकवणी वर्गात प्रवेश न घेता अभ्यासिकेत बसणाऱ्यापर्यंत तर उपरोक्त न्यायालयीन निर्देशही पोहोचत नाहीत. धोरणातील ही उणीव दूर होणे अत्यावश्यक आहे.

या वाचकांनी एक हिशेब अवश्य ध्यानात ठेवावा. २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेस ५,९२,१४१ उमेदवार बसले आणि अंतिम शिफारस १,०१६ जणांची झाली, म्हणजे हजारी दोनहूनही कमी. पदे मर्यादित असतात, तेव्हा बहुसंख्यांची निवड न होणे ही अंकगणिताची अपरिहार्यता असते. तो कोणाच्याही बुद्धीचा, कष्टाचा किंवा माणूस म्हणून असलेल्या मोलाचा निवाडा नव्हे. त्यामुळे प्रयत्नांची मर्यादा आधीच ठरवणे, पर्यायी मार्ग तयार ठेवणे आणि घरच्यांना हे आकडे मोकळेपणाने सांगणे हा शहाणपणाचा भाग आहे.

झोप उडणे, अभ्यासात मन न लागणे, सर्वांपासून तुटल्यासारखे वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास मदत घेण्यास विलंब करू नये. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच क्षणी कोणाशी तरी बोलावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. शेजारच्या खुर्चीवर रोज बसणारा सहाध्यायी काही दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी करावी. उद्या प्रशासनात गेल्यावर एखाद्या अहवालातील ‘मागणी नाही’ हा शेरा आपल्यासमोर येईल, तेव्हा स्वाक्षरीपूर्वी त्या कक्षाचे दार कोठे उघडते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.