गॅरेज सुरू करण्याआधीचा हिशेब

माझे बाबा सैन्यात ईएमई कोअरमध्ये हवालदार आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांना गावी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज काढायचे आहे. काम त्यांना येते. प्रश्न दर किती लावायचा हा आहे. सुट्टीत आम्ही वहीत असा हिशेब मांडला.

गाळ्याचे भाडे ३,०००, वीज व किरकोळ खर्च १,०००, कर्जाचा हप्ता २,००० आणि बाबांचा स्वतःचा पगार १५,०००. एकूण महिना २१,००० रुपये. कामाचे २५ दिवस धरले तर रोज ८४०. दिवसाला चार गाड्या आल्या, तर सुट्या भागांची किंमत सोडून एका गाडीमागे सरासरी २१० रुपये मजुरी मिळायला हवी. स्वतःचा पगार धरला नाही, तर गल्ल्यात पैसे दिसतात, पण घर चालत नाही.

मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. उद्यम नोंदणीला शुल्क नाही.

सुरुवातीला दोनच गाड्या आल्या, तर महिन्याला १०,५०० रुपये कमी पडतील. म्हणून आईने सहा महिन्यांचे ६३,००० रुपये आधीच बाजूला ठेवायला सांगितले आहेत. ते जमेपर्यंत गाळा घ्यायचा नाही, असे घरी ठरले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा विचार चालू असेल, तर आधी वही काढा.