अयोध्येच्या आधीचा मुक्काम



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, युद्धकांड, सर्ग १२४ ते १२८ (गीता प्रेसची प्रत)

रावण पडला, सीतामाई परत आली, आता राहिला फक्त घरी जायचा भाग. हे शेवटचे सर्ग आपण जरा घाईतच वाचतो. दिवे लागतात, राज्याभिषेक होतो, पोथी मिटते. पण नोकरी-शिक्षणासाठी बाहेर राहून पुन्हा घरी आलेल्यांनी, किंवा यायच्या विचारात असलेल्यांनी, हे पाच सर्ग सावकाश वाचावेत. परत कसं यावं याचं इतकं बारकाईचं वर्णन मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

विमान मध्येच थांबतं

पुष्पक विमान थेट अयोध्येत उतरत नाही. चौदावं वर्ष पुरं होतं त्या पंचमीला राम आधी भरद्वाज ऋषींच्या आश्रमात उतरतो. नमस्कार झाल्याबरोबर त्याचे प्रश्न सुरू होतात. नगरात धान्यधुन्य आहे ना, लोक निरोगी आहेत ना, भरत नीट कारभार बघतोय ना, आणि आया जिवंत आहेत ना.

हा शेवटचा प्रश्न वाचताना थांबायला होतं. परदेशात राहिलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. रात्री तीन वाजता घरून फोन आला की उचलायच्या आधी मनात तोच असतो.

भरद्वाज ऋषी सगळं सांगतात. भरत जटा वाढवून, तुझ्या पादुका पुढे ठेवून तुझी वाट बघतोय, घरी सगळे कुशल आहेत. एवढं कळल्यावर कोणीही लगेच निघेल. राम मात्र त्या रात्री तिथेच मुक्काम करतो आणि हनुमंताला पुढे पाठवतो.

काम काय दिलंय ते बघा. भरताला आमची सगळी हकीकत सांग, आम्ही येतोय हे सांग. आणि ते ऐकताना त्याचा चेहरा बघ. चेहऱ्याचा रंग, नजर, बोलणं, सगळं नीट बघ. वाडवडिलांचं भरलेलं राज्य हातात असताना कोणाचं मन बदलत नाही? इतकी वर्षं सांभाळून भरताला ते राज्य आपलं वाटू लागलं असेल, तर खुशाल त्यानेच राज्य करावं.

हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जरा खटकला. भरतावर संशय? ज्याने पादुका डोक्यावर घेतल्या त्याच्यावर? पुन्हा वाचल्यावर वेगळं दिसलं. संशय असता तर पुढची तयारी सैन्याची झाली असती. इथे रामाची तयारी आहे ती न मिळण्याची. चौदा वर्षांत माणूस बदलू शकतो हे तो धरून चालतो, आणि बदललेल्या माणसाला दोष न देता जागा सोडायला तयार आहे. 'मी थोरला आहे, माझीच गादी' हे वाक्य त्याच्या तोंडी नाही.

जे घर सोडलं ते तिथेच नसतं

आल्फ्रेड शुट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये 'द होमकमर' नावाचा लेख लिहिला. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची अडचण त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : परक्या देशात जाणाऱ्याला माहीत असतं की तिथलं सगळं नवीन असणार. घरी परतणाऱ्याला वाटतं की सगळं ओळखीचंच असणार, आणि तिथेच तो अडतो. घर त्याच्याशिवाय पुढे गेलेलं असतं आणि तोही दुसऱ्या वाटेने पुढे गेलेला असतो.

आपल्या आयकर कायद्यालासुद्धा हे कळलेलं आहे बरं का! मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असलेल्याला, किंवा मागच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात राहिलेल्याला, परतल्यावर एक मधला दर्जा मिळतो. त्याचा सरळ अर्थ 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही'. सीएने मला हे समजावलं तेव्हा मी हसलो. माझ्या मनाची अवस्था कोणीतरी फॉर्मवर आधीच छापून ठेवली होती.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कोरडा राहील. मी जर्मनीत आठ वर्षं होतो. मागच्या वर्षी पुण्याला परत आलो. ट्रॅफिक, हॉर्न, रविवारी सकाळी आठला शेजारी चालणारं ड्रिल मशीन, याची सवय दोन-तीन महिन्यांत झाली. त्यावर लोक खूप बोलतात, पण खरं सांगायचं तर तो सोपा भाग आहे.

अवघड भाग वेगळाच होता. बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. एका वेळेला सुमारे चार तास. गेली तीन वर्षं हे सगळं धाकटा भाऊ आणि भावजय बघत होते. मी आल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते धाकट्याकडे वळले, "तूच सांग रे." मी थोरला, फाईल हातात धरून शेजारीच उभा. आत कुठेतरी टोचलं.

कोणाचंच चुकलं नव्हतं. तीन वर्षं ज्याला विचारायची सवय लागली त्यालाच बाबांनी विचारलं. टोचण्याचं कारण एवढंच, की मनातल्या घरात माझी खुर्ची अजून तशीच रिकामी ठेवलेली होती. प्रत्यक्षात तिच्यावर कोणीतरी बसून काम करत होतं. त्या आठवड्यात मी सर्ग १२५ पुन्हा काढून वाचला.

पुष्पक परत पाठवलं

हनुमंत मनुष्यरूप घेऊन नंदिग्रामला पोचतो. अयोध्येपासून एका कोसावर भरत आश्रमासारखा राहतोय. अंगावर वल्कलं आणि कृष्णाजिन, शरीर वाळलेलं, डोक्यावर जटा. राजधानी जवळ असून तो तिथे राहिला नाही. रामाचं नाव ऐकताच आनंदाने तो बेशुद्ध पडतो. चेहरा वाचायला हनुमंताला फार वेळ लागला नसेल.

मग दुसऱ्या दिवशी भेट होते, आणि तिथे एक छोटी गोष्ट घडते जी आपल्या नजरेतून सुटते. नंदिग्रामला उतरल्यावर राम पुष्पक विमान कुबेराकडे परत पाठवून देतो. मनाच्या वेगाने जाणारं विमान, अयोध्या एका कोसावर, आणि हा ते तिथेच सोडतो. अयोध्येत तो शिरतो रथातून. आणि त्या रथाचे लगाम कोणाच्या हातात आहेत? भरताच्या!

परदेशातून आलेल्या प्रत्येकाकडे आपापलं पुष्पक असतं. माझं पुष्पक म्हणजे 'तिकडे असं नसतं' हे वाक्य. तिकडे दवाखान्यात थांबावं लागत नाही, तिकडे रविवारी आवाज करत नाहीत, तिकडे वेळ म्हणजे वेळ. यातलं बरंचसं खरंही आहे. पण या वाक्यात बसलेला माणूस घरावरून उडत राहतो, घरात उतरत नाही. विमान वाईट नव्हतं, त्याने घरापर्यंत आणलं. त्याचं काम तिथे संपलं.

मग तिकडचं सगळंच सोडून द्यायचं का? तसंही नाही. सुग्रीव आणि विभीषण रामाबरोबर अयोध्येत येतात. वनवासात जोडलेली ही माणसं, घरच्यांना अगदी अनोळखी. राम सुग्रीवाला उतरायला स्वतःचा उत्तम वाडा देतो. म्हणजे विमान परत गेलं, मित्र घरात आले. बाहेर शिकलेलं जे माणसाला जोडतं, त्याला घरात चांगली खोली द्यावी. जर्मनीत मला एक सवय लागली, कामाची वेळ संपली की लॅपटॉप बंद. ती मी सोडलेली नाही. संध्याकाळी सातनंतर आईला आता माझी पाठ दिसत नाही, तोंड दिसतं.

ओझं खाली ठेवणारा भरत

इथपर्यंत धडा असा वाटतो की परत येणाऱ्याने नम्र राहावं, हक्क सांगू नये, लगाम दुसऱ्याच्या हातात राहू द्यावेत. मीही काही दिवस असंच वागत होतो, आणि त्यात एक सोय आहे हे मला हळूहळू दिसलं. 'तुमचं छान चाललंय, मी मध्ये पडत नाही' हे नम्रही दिसतं आणि सोपंही असतं. मंगळवार-शुक्रवार मग भावाकडेच राहतात.

पण सर्ग १२७-१२८ मधला भरत ऐका. तो स्वतःच्या हाताने पादुका रामाच्या पायांत घालतो आणि हिशोब देतो : कोश, कोठारं, सैन्य, सगळं तुझ्या तेजामुळे दहापट केलंय, बघून घे. ही तुझी ठेव होती, परत करतो. पुढे तो म्हणतो की बलवान बैलाने एकट्याने ओढलेलं ओझं माझ्यासारख्या वासराला पेलत नाही. आणि मग एक दृष्टांत देतो. घराच्या अंगणात झाड लावलं, ते मोठं झालं, फुललं, पण फळ न धरताच वाळून गेलं, तर लावणाऱ्याचे कष्ट कशासाठी? तू आता राज्य हाती घेतलं नाहीस तर तसंच होईल.

भरत दमलाय, हो. दहापट करून दमलाय. चांगलं चालवणारा माणूस दमलेला नसतो असं आपण का धरून चालतो?

आणि रामाचं उत्तर बघा. 'नको, तूच चालव, तुला जमतंय' असं तो म्हणत नाही. एका शब्दात होकार देतो आणि आसनावर बसतो. कालपर्यंत जो सगळं सोडायला तयार होता, तोच आज सगळं उचलतो. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकाच मनातून येतात. ज्याला गादी स्वतःसाठी हवी नसते तो ती सोडूही शकतो आणि वेळ आली की तिच्यावर बसूही शकतो. आणि अभिषेकानंतर भरत बाजूला पडत नाही. राम त्याला युवराज करतो. ओझं उतरलं, मान राहिला.

आमच्याकडे हे साधंच झालं. एका रविवारी मी भावाला विचारलं, "तू कंटाळला असशील ना?" तो आधी "नाही रे दादा" म्हणाला. मग थोड्या वेळाने आतून एक वही घेऊन आला. गेल्या तीन वर्षांची प्रत्येक तारीख, वजन, बीपी, कुठल्या मेडिकलमध्ये कुठलं इंजेक्शन मिळतं, पाणी दिवसाला किती द्यायचं. भावजयीचं अक्षर आणि त्याचं अक्षर आलटून पालटून. मी ती वही रात्री बसून पूर्ण वाचली. तेव्हापासून शुक्रवार माझा. मंगळवार अजून त्याचा आहे. डॉक्टरांनी काही विचारलं तर बाबा अजूनही त्याच्याकडेच बघतात, तो तिथे नसला तर "त्याला फोन लाव" म्हणतात. मी लावतो. बाबांची तब्येत फारशी सुधारणारी नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. पुढचे निर्णय सोपे नसतील, पण आता ते दोघांनी मिळून घ्यायचे आहेत.

आजचं मनन

परत आलेले असाल, येणार असाल, किंवा घरी राहून दुसऱ्याची वाट बघत असाल, तर आज पाच मिनिटं या प्रश्नांना द्या :

१. मी नव्हतो तेव्हा माझं काम कोणी केलं? त्या माणसाचा चेहरा मी नीट पाहिलाय का?

२. माझं पुष्पक कोणतं? ते मी अजून घराच्या गच्चीवर उभं करून ठेवलंय का?

३. बाहेरून आणलेल्या कोणत्या सुग्रीवाला मी घरात चांगली खोली देऊ शकतो?

४. घरात राहिलेल्यांसाठी : भरताने हिशोबही दिला आणि 'मला पेलत नाही' हेही सांगितलं. मी यातलं काय बोलायचं टाळतोय?

आजचा छोटा नेम

घर सांभाळणाऱ्या एका माणसाला आज एक प्रश्न विचारा : "यातलं मी काय घेऊ?" उत्तर 'काही नको' आलं तर लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा.

उद्या सर्ग १२८ मधला राज्याभिषेक सविस्तर वाचू.

श्रीराम समर्थ