बूमचा फटका आणि हुबळीचा रस्ता

१ ऑगस्टला बंदी उठते. त्याआधी इंजिन, जाळी, कागदपत्रं सगळं तपासून होतं. बूमकडे मात्र कोणी वर मान करून बघत नाही, म्हणून आजचा हा पाठ. तांडेल, खलाशी, मालक सगळ्यांनी वाचा. शेवटचा भाग घरच्या मंडळींनी नक्की वाचावा.

कारवार-अंकोल्याकडे बोटीवर कुणाच्या डोक्याला मोठा मार बसला, तर माणसाला बांबोळीला, मंगळूरला नाहीतर हुबळीच्या केएमसीआरआयला (पूर्वीचं किम्स) न्यावं लागतं. कारवारहून हुबळी १६० किलोमीटरच्या आसपास, मध्ये आरबैलचा घाट. त्यात खोल समुद्रातून बंदराला यायचा वेळ वेगळाच. म्हणून फटका बसूच नये, ही खरी कामाची गोष्ट.

आधी शिडाची होडी घेऊ, कारण बूमचा स्वभाव तिच्यावर नीट कळतो. आपल्या जुन्या होड्यांना वर परबाण असायचं, शिडाची खालची कड मोकळी. आजच्या शिडाच्या बोटींना खालच्या कडेलाही आडवा दांडा असतो, तोच बूम. माणूस उभा राहिला की बरोबर डोक्याच्या उंचीला येतो. नाळ वाऱ्यातून फिरवली तर शीड आधी फडफडतं, सावध व्हायला वेळ मिळतो. धोका पाठवाऱ्याला. वारा मागून असताना बूम बाहेर पूर्ण पसरलेला असतो. सुकाणू थोडं चुकलं किंवा वाऱ्याने दिशा बदलली, की वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने भरतो आणि बूम एका बाजूहून दुसऱ्या बाजूला क्षणात झेपावतो. आवाज येईपर्यंत लागलेलं असतं.

त्यावर उपाय साधे आहेत. पाठवाऱ्यात बूमच्या टोकाला दोरी बांधून ती पुढे नाळेकडे आवळून ठेवायची, म्हणजे तो आपोआप उलटा येत नाही. मुद्दाम बाजू बदलायची असेल तर ती दोरी सोडून, शीड आवळायची दोरी ओढून बूम मध्ये आणायचा, मगच सुकाणू फिरवायचं. फिरवण्याआधी तांडेलाने मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांचं उत्तर आल्याशिवाय हात हलवायचा नाही. ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून गप्प राहणारा तांडेल कितीही जुना असो, आमच्या मते धोक्याचाच.

ट्रॉलरवर शीड नाही, पण बूम आहे, आणि वारा नाही तरी लाट आहे. माशांनी भरलेली पिशवी उचलली की बोट डोलेल तशी ती झोके घेते. टांगलेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही. ते हाताने थोपवायचं नाही, बाजूला दोरी लावून आवरायचं. विंचवाल्याला डेक दिसत नसेल तर इशारा द्यायला एकच माणूस ठेवावा, चौघे ओरडले की कुणाचंच कळत नाही. तारेचे तुटलेले धागे, झिजलेली शॅकल, पुलीची पिन हे सगळं बंदीतच बदला. आणि हेल्मेट. गरम होतं, हसतात, हे खरं. तरी जाळं ओढताना डोक्यावर हवंच.

आता मार बसलाच तर. रक्त दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका. माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, उठतो, बोलतो, चहासुद्धा घेतो. आत कवटीखाली रक्त साचत असेल तर काही तासांनी सुस्त होतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणं, झटके, एक बाहुली मोठी, हातपाय एका बाजूला लुळे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर जाळं सोडून बंदर गाठा. व्हीएचएफ चॅनल १६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४, किनाऱ्यावर १०८.

मान वाकवू नका, उलटी आली तर मानेला आधार देत सगळं अंग एकत्र कुशीवर वळवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, पण कवटी दबल्यासारखी वाटली तर दाबू नका. दारू नाही, ॲस्पिरिन नाही, ब्रुफेन नाही. एकट्याला झोपवून ‘सकाळी बघू’ तर अजिबात नाही. तो रक्त पातळ करायची गोळी घेतो का, हे घरच्यांनीच फोनवर सांगायचं, खलाशांना ते माहीत नसतं.

गाडी निघण्याआधी तिकडे फोन करून सिटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन आत्ता आहेत का ते विचारा. फटका किती वाजता बसला आणि किती वेळ शुद्ध नव्हती, हे कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा.