माडाची छाटणी

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांत घरामागच्या बागेला 'वाडी' म्हणतात. वाडीत माड आणि पोफळी असतात. माड म्हणजे नारळाचे झाड आणि पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. तुम्ही रमजानमध्ये खजूर खाता. त्या खजुराचे झाडही याच कुळातले आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त होता. काही तासांत कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला ६ ते ७ वर्षे लागतात. त्यामुळे वाडी गेली, की त्या घराचे अनेक वर्षांचे उत्पन्न जाते.

अशा वादळानंतर लोकांच्या मनात भीती बसते. माडाचा शेंडा जितका हलका, तितका तो वाऱ्यात टिकेल, असे पुष्कळांना वाटते. मग पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या झावळ्यांबरोबर हिरव्या झावळ्याही उतरवल्या जातात. वर चार-पाच झावळ्या राहतात आणि झाड उलट्या केरसुणीसारखे दिसू लागते. मालकाला मात्र आपण झाड वाचवले असे वाटते! खरे तर त्याने ते दुबळे केलेले असते.

असे का होते? आंब्याची फांदी तोडली, तर दुसरीकडून नवी फांदी फुटते. माडाला फांद्याच नसतात. त्याच्या शेंड्यात एकच कोंब असतो आणि सगळ्या झावळ्या त्या एका कोंबातून येतात. तो कोंब मेला, की झाड मेले. पूर्ण वाढलेल्या माडावर साधारण ३० झावळ्या असतात. महिन्याला सुमारे एक नवी झावळी उमलते आणि खालची एक म्हातारी होते. बाहेरच्या जून झावळ्या वाऱ्याचा मार स्वतः झेलतात. त्या वाकतात, त्यांची पाती मिटतात आणि वारा त्यांतून निघून जातो. मधल्या कोवळ्या झावळ्या त्यांच्या आडोशाला असतात. हा आडोसा काढून टाकला, तर वादळाचा पहिला तडाखा कोवळ्या झावळ्यांना आणि कोंबाला बसतो.

दुसरेही नुकसान होते. झाडाचे अन्न हिरव्या पानांत तयार होते. म्हातारी झावळी पिवळी पडत असताना तिच्यातले पालाश हे अन्नद्रव्य झाड नव्या झावळ्यांकडे नेते. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत पालाश आधीच कमी असते. शिवाय नारळांचा घड खालच्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. ती झावळी तोडली, तर घड लोंबकळतो. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो. त्याच्या अळ्या झाड आतून पोखरतात. हे बाहेरून लवकर कळत नाही.

मग काय तोडावे? पूर्ण वाळलेल्या झावळ्या, वाळलेल्या पोयी आणि तयार झालेले नारळ उतरवावेत. पोय म्हणजे माडाचा फुलोरा. हिरव्या झावळीबाबत घड्याळ आठवावे. समोरून पाहिल्यावर जी झावळी नऊ आणि तीनच्या काट्यांच्या रेषेत किंवा तिच्या वर आहे, तिला हात लावू नये. घरावर किंवा रस्त्यावर येणारी हिरवी झावळी काढावीच लागली, तर देठाचा सुमारे ४ फुटांचा भाग झाडावर ठेवावा. म्हणजे भुंग्याला खोडापर्यंत सहज पोहोचता येत नाही.

नारळ उतरवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. १५ मीटर उंचीवरून सुटलेला नारळ जमिनीजवळ येईपर्यंत ताशी सुमारे ६० किलोमीटर वेग घेतो. त्याचे वजन एक किलोच्या आसपास असते. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो पडला, तर काय होईल याची कल्पना करा.

हे काम जाणत्या माणसाचेच आहे. तळकोकणात आणि गोव्यात माडावर चढणाऱ्याला 'पाडेली' म्हणतात. आता असे लोक कमी झाले आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना यंत्राच्या मदतीने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची जुनी पद्धत आहे, पण ती टाळलेलीच बरी. माडाच्या खोडाची जखम कधी भरून येत नाही.

हे काम मे महिन्यात, कोरड्या आणि शांत हवेत उरकावे. पाऊस सुरू झाला, की खोडावर शेवाळ येते आणि पाय घसरतो. वादळाची सूचना मिळाल्यावर घाईघाईने कोणालाही वर चढवू नये. चार नारळांसाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. चढणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि तो खोडाभोवती फिरवून बांधावा. शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, ते आधी खालून नीट पाहावे. जवळून विजेची तार जात असेल, तर लोखंडी शिडी किंवा ॲल्युमिनियमचा बांबू मुळीच वापरू नये. ओल्या झावळीतूनही वीज वाहते. अशा वेळी वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा.

मुलांनो, तुम्ही वर चढायचे नाही. तुमचे काम जमिनीवरचे आहे. झाडाखाली कोणाला येऊ न देणे, लहान भावंडांना आणि गुरांना दूर ठेवणे हेही कामच आहे. झावळी सरळ खाली पडत नाही, ती वाऱ्याबरोबर तरंगत बाजूला जाते. म्हणून बरेच अंतर ठेवून उभे राहा.

वादळानंतर झाड लगेच तोडण्याची घाई करू नये. बाहेरच्या झावळ्या मोडलेल्या असल्या, तरी मधली भाल्यासारखी मिटलेली झावळी हिरवी आणि घट्ट असेल, तर कोंब जिवंत आहे. असे झाड काही महिन्यांत पुन्हा उभारी धरते. ती झावळी ओढताच हातात आली आणि तिच्या बुडाला कुजका वास असला, तर मात्र झाड वाचण्याची आशा फार कमी असते.

स्वाध्याय
१. माडाचा कोंब मेल्यावर झाड का मरते?
२. हिरव्या झावळ्या तोडल्याने कोणकोणते नुकसान होते?
३. 'वाडी', 'पोय', 'पाडेली' हे शब्द वाक्यांत वापरा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या माडाचे निरीक्षण करा आणि त्याच्या कोणत्या झावळ्या तोडाव्यात, ते पाच-सहा ओळींत लिहा.