जितके इंच, तितके फूट

मी तुम्हाला एक गणित सांगणार आहे. ते मी एकट्याने सोडवले नाही, चौथीच्या सगळ्या वर्गाने सोडवले.

माझा एक मित्र चाकाच्या खुर्चीतून शाळेत येतो. त्याला मेंदूचा पक्षाघात आहे. नाव ऐकून घाबरू नका. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा झाली की असे होते. मग मेंदूचा निरोप हातापायांना नीट पोचत नाही. मित्राचे पाय ताठ राहतात. बोलताना शब्द उशिरा येतात, पण येतात. आपण थांबलं पाहिजे. हे शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. कुणी म्हणतात मागच्या जन्माचं पाप आहे, तेही खोटे. सापशिडीत तो मला रोज हरवतो.

पहिलीपासून त्याची आई त्याला कडेवर आणायची. आता तो जड झाला. आई कापूस वेचायला गेली की त्याची शाळा बुडायची. म्हणून आमच्या गल्लीतल्या पाच जणांनी खुर्ची ढकलायच्या पाळ्या लावल्या. तालुक्याहून विशेष शिक्षक बाई येतात. त्यांनी आम्हाला शिकवले. ढकलण्याआधी त्याला विचारायचे. थांबलो की ब्रेक लावायचा. खड्या उतारावरून खुर्ची मागे मागे उतरवायची. दाखल्यासाठी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा आशाताई सोबत गेल्या आणि जीपवाल्या काकांनी भाडे घेतले नाही.

पण शाळेच्या दारात घोळ झाला. तिथे उतरण आहे, पण फार खडी. पावसात माझी पाळी होती. माझा पाय घसरला, खुर्ची मागे आली आणि त्याचे कोपर खरचटले. तो रडला नाही. पण चार दिवस शाळेत आला नाही. मला जेवण गोड लागेना.

मी बाईंना विचारले, उतरण किती लांब पाहिजे? बाई म्हणाल्या, उंचीच्या बारापट. मग आम्ही गवंडीकाकांचा टेप आणला. जोते 18 इंच उंच भरले. 18 गुणिले 12 म्हणजे 216 इंच, म्हणजे 18 फूट. तेव्हा आम्हाला गंमत कळली. फुटात 12 इंच असतात, म्हणून जोते जितके इंच उंच, तितके फूट लांब उतरण! पाढासुद्धा नको. आमची उतरण मोजली तर फक्त 7 फूट.

गुरुजींनी कायदाही सांगितला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. पण दारातून आत जाता आले तरच ना!

आम्ही अंगणात फक्कीने 18 फुटांची रेघ मारली. ती सरळ निंबाच्या मुळ्यांवर गेली. मोठी माणसे निंब तोडायचे बोलू लागली. मित्राला काहीतरी सांगायचे होते. सगळे थांबले. तो म्हणाला, "व...वळवा की." मग 9 फूट, मध्ये खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा, पुन्हा 9 फूट असे ठरले. रुंदी चार फूट, दोन्हीकडे कठडा. गवंडीकाका मजुरी घेणार नाहीत. सिमेंटचे ग्रामसभेत विचारायचे आहे. वाळू अजून मिळालेली नाही.

फक्कीची रेघ निंबाजवळ आहे. पालकांनी जाताना तिच्यावरून गाडी नेऊ नये.