सिमेंटचे दळण आणि बॉल मिलची क्षमता

रायपूरच्या दक्षिणेस, धमतरी मार्गावर वसलेले अभनपूर हे भाताच्या मुलखातील गाव. तेथील शेतकऱ्यास राइस मिल चांगली परिचित आहे. तिचे कौशल्य दाणा अखंड ठेवून टरफल काढण्यात असते. रायपूरच्या पलीकडे, बलोदाबाजार-भाटापारा परिसरातील चुनखडकाच्या पट्ट्यात दळणाचा हेतू नेमका उलट आहे. तेथे क्लिंकरचे पीठ जितके बारीक, तितकी सिमेंटला मजबुती लवकर येते. मात्र बारीकपणाची किंमत विजेत मोजावी लागते. सिमेंट कारखान्यातील सुमारे ६० ते ७० टक्के वीज कच्चा माल, कोळसा व क्लिंकर दळण्यात खर्च होते.

बॉल मिल म्हणजे पोलादी गोळ्यांनी अंशतः भरलेले फिरते नळकांडे. ते फार वेगाने फिरले, तर गोळे भिंतीलाच चिकटून फिरतात आणि दळण थांबते. या वेगास क्रांतिक वेग म्हणतात. ४२.३ या संख्येस मीटरमधील आतील व्यासाच्या वर्गमुळाने भागले असता तो मिनिटाला किती फेरे, हे स्थूलमानाने कळते. चार मीटर व्यासाच्या मिलसाठी तो सुमारे २१ फेरे येतो. प्रत्यक्षात मिल त्याच्या ७० ते ७५ टक्के वेगाने, म्हणजे १५-१६ फेऱ्यांनी चालवितात. त्या वेगात गोळे वर चढून मालावर कोसळतात.

गोळ्यांचे प्रमाण सामान्यतः घनफळाच्या ३० टक्क्यांच्या आसपास असते. पहिल्या कप्प्यातील मोठे गोळे खडे फोडतात, दुसऱ्यातील लहान गोळे घासून पीठ करतात. गोळे व अस्तर झिजले, की मोटर तीच राहूनही उत्पादन घटते. ही हानी हळूहळू होत असल्याने ती बहुधा उशिरा लक्षात येते. सेपरेटर नीट चालला नाही, तर बारीक झालेला मालच पुन्हा मिलमध्ये परततो. दळणातील बहुतांश ऊर्जेची उष्णता होते. तापमान फार वाढल्यास जिप्सममधील पाणी निघून जाते व सिमेंट अकाली घट्ट होते. म्हणून हवा खेळती ठेवणे व पाण्याचा फवारा देणे आवश्यक ठरते.

मालाचा स्वभावही महत्त्वाचा आहे. भिलाई पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणची भट्टीची मळी क्लिंकरपेक्षा दळण्यास कठीण, शिवाय ओलसर असते. दोन्ही एकत्र दळल्यास क्लिंकर अतिबारीक आणि मळी जाडी राहण्याचा संभव असतो. त्यामुळे ती वाळवून वेगळी दळणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

यातील आर्थिक बाब विद्यार्थ्यांनी आकड्यांनी पाहावी. वर्षाला १० लाख टन सिमेंट दळणाऱ्या कारखान्याने टनामागे केवळ २ युनिट वाचविले, तरी २० लाख युनिटची बचत होते. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ च्या चौकटीतील ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजनेच्या पहिल्या फेरीत (२०१२-१५) सिमेंटसह आठ उद्योगांना ऊर्जावापराची लक्ष्ये दिली गेली. लक्ष्यापलीकडील बचतीची प्रमाणपत्रे विकता येत होती. उभ्या रोलर मिलला वीज बरीच कमी लागते, पण तिचा भांडवली खर्च मोठा असतो. म्हणून जुन्या बॉल मिलपुढे रोलर प्रेस बसविण्याचा मध्यममार्ग अनेक कारखान्यांनी स्वीकारला.