मोटारीचा रंग आणि पॉलिश

कांजूरमार्गला पहाटे मोटारी पुसणारी पुष्कळ माणसे दिसतात. आपल्या गावचेही कोणी हे काम करीत असेल. मग रंगाची पारख हवी.

कांजूरमार्गच्या पुढे, त्याच लालबहादूर शास्त्री मार्गावर, कुर्ल्याला पूर्वी प्रीमिअर पद्मिनी मोटारी तयार होत. तशा जुन्या मोटारींना अस्तरावर नुसता रंग असे. उन्हाने तो फिका पडे. पॉलिशने घासला की फिका रंग फडक्यावर येई आणि खालचा रंग चमके. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली बंद झाली.

आता बहुतेक मोटारींच्या रंगावर काचेसारखा पारदर्शक लेप असतो. कोणाचा लेप टणक, तो चमकायला वेळ लागतो. कोणाचा मऊ, तो लवकर चमकतो, पण ओरखडेही लवकर पडतात. अस्तर, रंग, लेप मिळून जाडी वहीच्या कागदाएवढीच! फार घासले तर लेप निघतो, तो परत येत नाही. मग मजुरी जाते आणि भरपाई अंगावर येते.

म्हणून आधी धूळ पाण्याने धुवावी. मग एका कोपऱ्यात मऊ पांढऱ्या फडक्याने पॉलिश करून पाहावे. पांढऱ्या मोटारीला काळे फडके घ्यावे. फडक्यावर रंग आला तर वर लेप नाही. आला नाही तर लेप आहे असे समजावे.

सांगा पाहू : आधी धूळ का धुवावी?